वलगावची बाज

आमच्या प्रयोगशाळेत सकाळचं पहिलं काम एकच असतं. इन्क्युबेटर उघडायचा आणि रात्रभर उबेत राहिलेल्या काचेच्या प्लेट्स बाहेर काढून उजेडात धरायच्या. अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका खासगी दवाखान्याच्या तळघरात ही प्रयोगशाळा आहे. खिडकी नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. रुग्णांशी माझी भेट क्वचितच होते. त्यांच्या रक्तात, लघवीत जे वाढतं, त्याच्याशी रोज होते.

भगवंतराव मेहरे यांच्या रक्तातून जे वाढलं, ते पाहून मी प्लेट खाली ठेवली आणि आधी हातमोजे बदलले. कॅन्डिडा ऑरिस. ही बुरशी पलंगाच्या कठड्यावर, पडद्यावर, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. साध्या फिनाईलला दाद देत नाही. नेहमीचं बुरशीचं औषध तिच्यावर बहुतेक वेळा चालतच नाही आणि म्हाताऱ्या, थकलेल्या शरीरात शिरली की फारसे रुग्ण वाचत नाहीत.

भगवंतराव वलगावचे. घरची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. प्रोस्टेटचं ऑपरेशन दुसरीकडे कुठेतरी झालं होतं. लघवीची नळी आणि पिशवी घेऊन काही दिवस ते घरी राहिले, मग थंडी वाजून ताप भरला आणि मुलाने त्यांना आमच्याकडे आणलं. आयसीयूचे प्रमुख डॉ. कुंदन राऊत यांनी त्यांना लगेच कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत हलवलं. आत जाणाऱ्याने गाऊन घालायचा, हातमोजे घालायचे. नातेवाइकांनी काचेतून पाहायचं.

मी स्वतः नमुने घ्यायला गेले तेव्हा ते जागे होते. लांब, हाडकुळा माणूस. बोटांच्या पेरांत झेंडूचा हिरवट-काळा रंग मुरलेला, इतके दिवस दवाखान्यात पुसूनही न गेलेला.

"तुमीच का त्या, बुरशी पाहनाऱ्या?" त्यांनी विचारलं.

"हो, मीच."

"आमच्या शेवंतीवर येते. एकडाव आली का झाड उपटून फेका लागते."

"तुम्हाला कोणी फेकत नाही," मी म्हटलं.

ते हसले. "मंग औषध द्या चांगलं. दसऱ्याचा झेंडू तोडाचा हाये."

औषध चांगलंच दिलं. मायकाफंगिन. मी प्लेटवर त्याची पट्टी ठेवून पाहिली होती. पट्टीच्या दोन्ही बाजूंना बुरशी मरून स्वच्छ जागा पडली होती. म्हणजे ते चालणार होतं. तसं ते चाललंही. ताप उतरला, भगवंतराव पेज प्यायला लागले. काचेपलीकडे त्यांचा मुलगा गजेंद्र रोज हात जोडून उभा असायचा.

त्यांची बायको मात्र येत नव्हती. बुरशी घरात कोणाच्या अंगावर बसली आहे का, हे मला तपासायचं होतं. नळी-पिशवीचं सगळं काम घरी तीच करत होती. मी गजेंद्रला विचारलं.

तो जरा ओशाळला. "आई म्हनते मॅडम, बाबा दुपारी घरीच येतात. मंग तिकडं जाऊन कोणाले पाहू?"

"वय किती त्यांचं?"

"तसं काही नाही मॅडम. बाकी सगळं बरोबर बोलते ते. हिशेब, फुलं, माणसं. एवढंच असं म्हनते."

असं होतं. पन्नास वर्षं सोबत राहिलेलं माणूस घरातून उठून गेलं की घर ते लगेच मानत नाही. मी स्वॅबचा डबा घेतला आणि गजेंद्रच्या गाडीमागे माझी गाडी काढली.

वलगावात मेहऱ्यांचं घर गावाच्या टोकाला, मळ्याला लागून आहे. पुढे ओसरी, टिनाचं छप्पर, अंगणात झेंडूचे ढीग ओल्या पोत्यांखाली झाकलेले. ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजत होतं. गजेंद्रची बायको शकुन फुलं निवडत बसली होती. ओसरीत भिंतीला लागून सुतळीची एक जुनी बाज होती. तिच्या पायथ्याशी गजेंद्रची आई, रुख्मिणीबाई, खाली बसून हळूहळू पंखा हलवत होत्या. बाजेवर कोणी नव्हतं.

एवढ्या उन्हातून आल्यावर मी सहज बाजेकडे वळले.

"तिथं नोका बसू बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागला त्याहिचा."

शकुनने मान खाली घातली. आधी रुख्मिणीबाईंच्या काखेतून, हातांवरून स्वॅब घेतले, मग शकुनचे, गजेंद्रचे. मोरीतून, दाराच्या कडीवरून घेतले. शेवटी बाजेकडे बोट दाखवून म्हटलं, "इथलाही घ्यायचा आहे. ते याच बाजेवर झोपायचे ना, नळी होती तेव्हा?"

"याच. पन उठू द्या त्याहिले."

मी उभी राहिले. भांडायचं कारण नव्हतं. अंगणात शकुनच्या बोटांखाली फुलांचे देठ तुटत होते, तेवढाच आवाज. थोड्या वेळाने बाज करकरली, जुनी लाकडं उन्हाने करकरतात तशी. रुख्मिणीबाईंनी पंखा खाली ठेवला.

"घ्या आता."

मी वाकले. मधली सुतळी खोलगट झाली होती, ते साहजिकच होतं. स्वॅब फिरवताना मोज्यातूनही मला सुतळीची ऊब लागली. मी डावा हात बाजेच्या कडेला लावून पाहिला. कड थंड होती. ऊन ओसरीत तिथवर येत नव्हतं.

घरातल्या माणसांचे नमुने कोरे निघाले. मोरी, कडी, सगळं कोरं. बाजेच्या प्लेटवर मात्र बुरशी वाढली. यातही नवल नव्हतं. तापातला माणूस त्यावर झोपला होता. मी रीतीप्रमाणे तिच्यावर औषधांच्या पट्ट्या ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली.

मायकाफंगिनच्या पट्टीभोवती स्वच्छ जागा नव्हती. बुरशी पट्टीच्या कडेपर्यंत दाट वाढली होती.

हे जुळत नव्हतं. मायकाफंगिन भगवंतरावांना पहिल्यांदा मिळालं ते आमच्याकडे. बाजेवरून ते त्याआधीच उठले होते. जे औषध बुरशीने कधी पाहिलंच नाही, त्याच्याविरुद्ध ती इतकी तयार नसते. मी पट्टीची मुदत तपासली, नवा डबा फोडला, पुन्हा लावून पाहिलं. तेच. मग मला वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल.

माझं माहेर अकोल्याचं. तिथल्या एका प्रयोगशाळेत माझा वर्गमित्र मनोज काम करतो. रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि बंद डब्यातून दोन नमुने त्याला नेऊन दिले, एक रक्तातला आणि एक बाजेवरचा. कुठला कोणाचा ते सांगितलं नाही. वर फक्त 'क' आणि 'ख' लिहिलं.

त्याचा फोन आला तेव्हा मी डबा खात होते.

"दोन्ही एकच वाण आहे," मनोज म्हणाला. "ख पुढचा आहे. आधी क, मग औषध देऊन देऊन ख झालेला. पेशंट गेला का?"

"नाही. बरा होतोय."

"मग हा ख कुठून आणला तू?"

मी सांगितलं, बाजेवरून. तो म्हणाला, "मस्करी करून राहिली का?"

त्याच आठवड्यात भगवंतरावांना पुन्हा ताप भरला. मी त्यांचं रक्त पुन्हा प्लेटवर लावलं. या वेळी रक्तातली बुरशीही मायकाफंगिनच्या पट्टीला भिडून वाढली. दोन प्लेट्स शेजारी शेजारी ठेवल्या, बाजेवरची जुनी आणि रक्तातली नवी. दोन्हींत काही फरक दिसत नव्हता.

डॉ. कुंदन शांत माणूस आहेत. त्यांनी दोन्ही प्लेट्स पाहिल्या. "कोणीतरी ने-आण करतंय," ते म्हणाले. "मुलगा असेल."

"मुलगा आत आलेलाच नाही. त्याच्या हातांवर काही नाही. आणि सर, बाजेवरची आधीची आहे. इथे तयार व्हायच्या आधीची."

त्यांनी चष्मा पुसला. "ॲम्फोटेरिसिन चालू करतो," एवढंच म्हणाले.

ॲम्फोटेरिसिन जड औषध. मूत्रपिंडं पिळून काढतं. ते चढायला लागलं आणि भगवंतरावांचं जेवण सुटलं. सिस्टर करिश्मा दिवसपाळीला असायची. तिने मला एक गोष्ट सांगितली. जेवणाची वेळ टळली की भगवंतराव एकदम खोल झोपेत जातात. हाक मारली, चिमटा काढला, तरी नाही. नाडी संथ, श्वास संथ. उन्हं कलली की आपोआप डोळे उघडतात.

"मला भीती वाटते मॅडम," ती म्हणाली. "पण त्या वेळी त्यांचा चेहरा चांगला दिसतो. दुखत नसल्यासारखा."

मी पुन्हा वलगावला गेले. का गेले, याचं उत्तर तेव्हा मी दवाखान्यात कोणालाही देऊ शकले नसते. रुख्मिणीबाई बाजेच्या पायथ्याशी होत्या. या वेळी मी स्वतःहून थांबले. उठू दिलं. मग स्वॅब घेतला.

"पाठ लई दुखते म्हनतात," त्या म्हणाल्या. "ते औषध जाळते म्हने आतून. नोका देऊ ना ते."

त्यांना औषध बदलल्याचं गजेंद्रने सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी मी गाऊन घालून भगवंतरावांच्या खोलीत गेले. त्यांचे ओठ फुटले होते. डोळे माझ्यावर स्थिर झाले.

"काल आल्या होत्या तुमी," ते म्हणाले.

"कुठे?"

"घरी. उभ्याच होत्या. बसा म्हनलं तं बसल्या नाही."

मी सलाइनची नळी तपासल्यासारखं केलं. माझे हात मला मोज्यांतून दुसऱ्याच कोणाचे वाटत होते.

बाजेवरच्या बुरशीवर आता ॲम्फोटेरिसिनही चालत नव्हतं. काही दिवसांनी रक्तातल्या बुरशीवरही चालेनासं झालं. मला ते आधीच माहीत होतं. त्या काही दिवसांत आम्ही त्यांची मूत्रपिंडं घालवली आणि बदल्यात काही मिळालं नाही.

उरलं एक औषध, फ्लुसायटोसिन. इकडे वऱ्हाडात ते कोणाकडे मिळत नाही. डॉ. कुंदननी दहा ठिकाणी फोन करून ते बाहेरून मागवलं. पार्सल वाटेत असतानाच मनोजने अकोल्याहून मला त्याची एक पट्टी पाठवली. मी ती बाजेवरच्या बुरशीवर ठेवली. आमच्या भागात तोवर ज्या औषधाची एक गोळी कोणाच्या पोटात गेली नव्हती, त्याच्या पट्टीवर ती बुरशी चढून वाढली.

मी प्लेट घेऊन वर गेले. डॉ. कुंदन डायलिसिसच्या मशीनजवळ उभे होते.

"चालणार नाही, सर."

"रक्तातल्यावर लावलीस?"

"रक्तातल्यावर चालतंय. आज."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मी रक्तावर उपचार करतो. बाजेवर नाही."

बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. गोळ्या आल्या, कुटून नळीतून दिल्या. थोडे दिवस बरे गेले. मग त्या गोळ्याही चालेनाशा झाल्या.

गजेंद्र मला जिन्यात भेटला. त्याचे डोळे तांबारले होते. "मॅडम, खरं सांगा. त्या बाजेवर काही हाये का? तुमी सारख्या तिथलंच पुसून नेता. माही शकुन पोटुशी हाये."

मी त्याला खरं सांगितलं. बाजेवर जंतू आहेत, घरात ठेवण्यासारखी नाही. लहान मूल येणाऱ्या घरात तर मुळीच नाही. कोणत्याही डॉक्टरने हेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने बाज मळ्याच्या बांधावर नेली आणि सुतळीसकट जाळली. रुख्मिणीबाईंनी त्याचा हात धरला होता म्हणे. "मंग ते पडतीन कुठं?" एवढंच त्या म्हणत होत्या.

मला हे नंतर कळलं. त्या दुपारी मी प्रयोगशाळेत होते. करिश्माने फोन करून वर बोलावलं.

भगवंतराव जागे होते.

रोज ज्या वेळी ते खोल जायचे, त्या वेळी त्यांचे डोळे टक्क उघडे होते. मान उशीवर इकडून तिकडे फिरत होती. बोटं हवेत काहीतरी चाचपत होती. डॉ. कुंदननी झोपेचं इंजेक्शन दिलं. मग दुसरं दिलं. डोळे मिटले नाहीत.

"दुखतं का?" मी वाकून विचारलं.

"जागा नाही," ते म्हणाले.

"कशाला जागा नाही?"

"पडाले. जागाच नाही व माय. उभाच हावो मी."

ते पाठीवर झोपलेले होते. गादीवर, उशांवर, दोन्ही बाजूंना कठडे. तरी त्यांच्या पोटऱ्यांचे स्नायू ताठ झाले होते, तासन् तास उभ्या राहिलेल्या माणसाचे होतात तसे. करिश्माने त्यांचे पाय चोळले. काही फरक पडला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत ते गेले. डोळे उघडेच राहिले. ते मिटवायला बराच वेळ लागला.

बॉडी बांधून थेट स्मशानात न्यावी लागली. घरी नेऊ दिली नाही. तसा नियमच आहे.

खोली आम्ही घासून काढली. पडदे जाळले, गादी जाळली, कठडे पुन्हा पुन्हा पुसले. मी कोपऱ्याकोपऱ्यातून नमुने घेतले. सगळे कोरे. आयसीयूतल्या बाकीच्या रुग्णांचेही घेतले. तेही कोरे. डॉ. कुंदन म्हणाले, सुटलो. मीही म्हटलं, हो.

तेरवी झाली आणि शकुनचा फोन आला. आवाज बारीक करून बोलत होती. "मॅडम, येऊन जा ना एकडाव. आईले समजवा. गजूले तं ते ऐकत नाही."

"काय झालं?"

"तुमी पाहा येऊन."

दुपारीच गेले. अंगणात शेवंती निघाली होती. पांढऱ्या फुलांच्या टोपल्या ओळीने लावल्या होत्या. ओसरीत बाजेची जागा मोकळी नव्हती.

पूर्ण ओसरीभर अंथरलेलं होतं. सतरंज्या, चटया, जुनी लुगडी, धुतलेली पोती. भिंतीपासून पायरीपर्यंत एकाला लागून एक. प्रत्येकाच्या डोक्याशी उशी, नाहीतर गुंडाळलेलं फडकं. त्यांच्या मधून रुख्मिणीबाई चालत होत्या, पाय जपून टाकत. एका हातात पाण्याचा तांब्या होता.

"भिताडाकडून या बाई," त्या म्हणाल्या. "पाय पडन कोणाच्या अंगावर."

मी पायरीशीच थांबले. "मावशी, हे कोणासाठी?"

"बाज जाळली ना पोरानं. मंग मी खाली टाकलं त्याहिच्यासाठी. तं आता हे बी येतात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पाहुणे जास्त झाल्यावर बाईमाणूस बोलतं तसं बोलत होत्या. "लई थकून येतात बिचारे. उभं कसं ठेवू?"

"कोण येतात?"

"मले वळख नाही. तुमच्याच तिथले असतीन. साऱ्याइच्या मनगटाले ते पट्टे हायेत, नाव लिहेले."

शकुन दारात उभी होती. दोन्ही हात पोटावर.

मी अंथरुणं मोजायला लागले आणि थांबले. आमच्या आयसीयूत इतके पलंग नाहीत.

रुख्मिणीबाई पायरीजवळच्या एका सतरंजीशी बसल्या. ती नवी दिसत होती, घड्यांच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पदराचं टोक भिजवलं, पिळलं आणि उशीच्या थोडं वर, हवेत, हळूच टेकवलं. पदर तिथे टेकून राहिला.

"ही आजच आली," त्या म्हणाल्या. "अकोल्याची हाये म्हनते. जवान हाये व. अंग भाजून राहिलं तापानं."

त्या दिवशी आमच्याकडे अकोल्याची कोणीच नव्हती.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. रस्त्यावर अपघात होऊन पाय मोडला होता. बोलत होती, हसत होती. मी स्वतः वर जाऊन पाहिलं. ताप नव्हता.